माझ्या पाठीमागे झालेले चार गोल

५ डिसेंबर १९४९, सोमवार. सकाळी साडेसात.
शनिवारी पुण्याच्या कॉलेजशी आमच्या नगरच्या कॉलेजची फुटबॉलची मॅच. सहा वर्षांत सहा वेळा हरलो. सहाही वेळा मी मैदानावर हजर. कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क असलो तरी टीमच्या सपोर्टर्स मंडळाचा अध्यक्ष मीच आहे. मंडळ मीच काढलं, निवडणूक मीच घेतली, उमेदवारही मी एकटाच होतो. वय त्रेचाळीस. हे काही वय नव्हे, पण गुडघे ऐकत नाहीत.
एकच इच्छा आहे. आपली टीम जिंकताना एकदा या डोळ्यांनी बघायची. बास. मग मी काही मागणार नाही.
निश्चय: उद्यापासून पहाटे पाचला उठून आरोळीचा सराव.

६ डिसेंबर.
उठलो नाही. काय ही थंडी! शिवाय आवाज जपणं हाही सरावच.

७ डिसेंबर.
उठलो. खिडकी उघडून एक आरोळी मारली. शेजारचे कंदील घेऊन धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला. सराव बंद. आवाज मुळात चांगला आहे, त्याला सरावाची गरज नाही.

८ डिसेंबर, गुरुवार.
घोषणा लिहून काढल्या. सर्वांत उत्तम: 'वीरहो, पराक्रमाची पराकाष्ठा करून प्रतिपक्षाचा पाडाव करा!' टाइप करून बारा प्रती वाटल्या. कॅप्टन राधाकृष्ण म्हणाला की सर, हे म्हणून होईपर्यंत बॉल गोलात गेलेला असेल. मी म्हटलं, मग लवकर सुरुवात करायची. पोरांना भाषेची गोडीच नाही. नुसतं 'हाण मच्छ्या, हाण!' एवढंच येतं. मच्छ्या म्हणजे मच्छिंद्र, सुपे गावचा पोरगा, आमचा सेंटर फॉरवर्ड. बूट घातले की पडतो, म्हणून अनवाणी खेळतो.
पत्र्याचा भोंगाही करवून आणला. बोललेलं लांबवर जातं. हिला त्यातून चहा मागितला तर ही म्हणाली की एवढ्यानेच आपलं डोकं उठलं, पुणेकरांचं काय होईल. शुभशकुन समजतो.

१० डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी पाच. (घरी.)
हाफ टाइमला तीन-शून्य. शून्य आपले.
मी उठलो. रागाने नव्हे. अध्यक्ष तोंड पाडून समोर बसला की पोरांच्या मनावर दडपण येतं, हे ध्यानात आलं. राधाकृष्णला सांगितलं की अजून वेळ गेलेली नाही, आणि निघालो. टांगाही केला नाही, कॅम्पापासून माळीवाड्यापर्यंत चालत आलो. मागे वळून पाहिलं नाही. कंटाळा आला हो. सहा वर्षं तेच. तोच बॉल, तेच पुणेकर, तीच आपली पोरं कमरेवर हात ठेवून उभी. आता गरम पाण्यात पाय सोडून बसलोय.
राजीनाम्याचा विचार करतो आहे. उद्या करीन. आज पाय दुखतात.

त्याच दिवशी, सव्वासहा.
रस्त्यावर ताशा वाजतोय. म्हटलं धनुर्मास लागायच्या आत कुणीतरी लग्न उरकून घेतलं. हिने खिडकीतून पाहून सांगितलं की वरात तुमच्याच कॉलेजची आहे.
चार-तीन. आपले चार!!
पुढचं नंतर लिहितो. टोपी सापडत नाही.

त्याच दिवशी, आठ वाजता.
काय मिरवणूक! मच्छिंद्रला खांद्यावर घेतलेलं. गुलाल नव्हता तर पोरांनी मैदानातली लाल मातीच उधळली. साखर रेशनची, पेढे कुठले? गूळ-शेंगदाणे वाटले. आमचा शिपाई सहादेव पागोटं सोडून, ते हवेत फिरवत नाचत होता. सोमवारी त्याला समज द्यावी लागेल. मीही थोडा नाचलो, पण पदाला शोभेल इतकंच.
चौकात मी स्टुलावर चढून भाषण केलं. चौथ्या गोलाचं साद्यंत वर्णन केलं: मच्छिंद्रने तिघांना चुकवून डाव्या पायाने बॉल कसा कोपऱ्यात मारला वगैरे. सगळे एकदम गप्प झाले. इतके भारावले होते. नंतर कुणीतरी सांगितलं की चौथा गोल राधाकृष्णने डोक्याने मारला. असेल. गोल महत्त्वाचा. कुठल्या अवयवाने मारला हा तपशील झाला.
मी तिथे नव्हतो असं म्हणता येणार नाही. अर्धा वेळ होतो. आणि मनाने तर पूर्ण वेळ.

११ डिसेंबर, रविवार.
घसा बसला. दिवसभर पडून राहिलो. चार गोल. एकसुद्धा दिसला नाही. दहा मिनिटं बसलो असतो तर निदान पहिला दिसला असता. असा विचार करायचा नाही असं ठरवलं. तीनदा ठरवलं.

१२ डिसेंबर, सोमवार.
सहादेवला समज द्यायला बोलावलं. तोच म्हणाला, सायेब, तुमी हाफ टायमाला फाटकाभाईर पाय टाकला आन् पैला गोल झाला. लई झ्याक झालं. मी म्हटलं, योगायोग. तो म्हणाला, व्हय, व्हय, आणि मान हलवत गेला. भोळा माणूस. समज द्यायची राहून गेली.

१४ डिसेंबर.
पुणेकरांनी प्रोटेस्ट केला! हरले की लेखी तक्रार, ही त्यांची रीतच. सात पानं. म्हणे रेफरीचं घड्याळ मागे होतं, चौथा गोल वेळ संपल्यावर झाला, सबब मॅच पुन्हा व्हावी. आवक रजिस्टरात नोंद मीच केली. टाइपिंग मात्र सुरेख. एक खाडाखोड नाही. शत्रूचं असलं म्हणून काय झालं.

१६ डिसेंबर, शुक्रवार.
कमिटीने प्रोटेस्ट मानला. मॅच पुन्हा. शनिवार, चोवीस तारीख, तेच मैदान, रेफरी दुसरा. पोरं चिडली. प्रिन्सिपॉलसाहेब चिडले. मीही चिडलो, पण (हे इथेच लिहितो) पोटातून आनंद झाला. आता दिसेल! देव एकदा दार लावतो आणि मग आपणच उघडतो. या वेळी शेवटची शिट्टी होईपर्यंत जागचा हलायचं नाही. तीन-शून्य होवो, तेरा-शून्य होवो. शपथ घेतली.

१९ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी.
राधाकृष्ण आणि टीमची आठ-दहा पोरं घरी आली. नारळ, शेवंतीचा हार. मी कोट घातला. वाटलं सत्कार आहे. हार घातला, पायाही पडले. मग राधाकृष्ण खाली बघत म्हणाला की सर, एक विनंती आहे, शनिवारी आपण मैदानावर येऊ नये.
मी म्हटलं, का बरं? पोरं एकमेकांना पुढे ढकलू लागली. शेवटी मच्छिंद्र म्हणाला की सर, राग मानू नका, तुमी मान्सं लई चांगली, पन तुमचा पायगुन.
पायगुण! मी लॉजिक घेऊन बी.ए. केलेला माणूस. त्यांना समजावलं की हा तर्कदोष आहे. राधाकृष्ण म्हणाला, असेल सर, पण सहा वर्षं आपण बसलात आणि सहा वर्षं हरलो, एकदा उठलात आणि जिंकलो. यावर उत्तर आहे, पण ते लांबलचक आहे आणि पोरांना अभ्यास होता.
ही आतून ऐकत होती. पोरं गेल्यावर बाहेर आली. हार देवाला घातला.

२० डिसेंबर.
विचार केला. ही माझी महत्त्वाची कामगिरी आहे. अकरा जण मैदानात झुंजणार आणि बारावा मैदानाबाहेर. सेनापती कधी रणांगणात नसतो.

२१ डिसेंबर.
सेनापती रणांगणातच असतो. मी जाणार. मफलर डोक्यावरून गुंडाळून बाभळीखाली उभा राहीन. कोण ओळखतं!

२२ डिसेंबर, गुरुवार.
मफलर गुंडाळून रंगीत तालीम म्हणून बाजारात गेलो. रतनबाई भाजीवालीने लांबूनच हाक मारली, काय ओ पाठकसाहेब, दाढ दुखती का?
हिने विचारलं की प्रिन्सिपॉलसाहेबांच्या मंडळींनी बायकांसाठी वेगळी बाकं टाकायची ठरवली आहेत, आपल्यालाही बोलावलंय, जाऊ का? म्हटलं, तुला त्यातलं काय कळतं? म्हणाली, काही नाही. म्हटलं, जा. भोंगाही ने. निदान घरातलं कुणीतरी असावं.

२४ डिसेंबर, शनिवार. दुपारी सव्वातीन.
ही गेली. नवं लुगडं नेसली, भोंगा पदराखाली. मी मफलर गुंडाळून दार उघडलं तर सहादेव आमच्या पायरीवर बसलेला. मांडीवर हुरड्याची पुरचुंडी. म्हणाला, कॅप्टननी बसवलंय. सायेब, म्हागारी फिरा.
मानवंदनेचा पहारा आहे असं समजायला हरकत नाही.

साडेचार.
पायरीवरच बसलो आहोत दोघं. हुरडा खाल्ला. गार होता. सहादेव म्हणाला, तुमच्यापायी माझीबी म्याच गेली बगा. गेल्या बारीला डोळ्यांत पानी आलं हुतं माज्या. मी विचारलं, कसे झाले रे गोल? खरं सांग. त्याने चारही सांगितले. चौथा खरंच डोक्याने. राधाकृष्ण खाली पडला तो उठलाच नाही, त्याच्यावर सगळी टीम पडली. मी म्हटलं, आणखी काय झालं? त्याला आणखी आठवेना.
वारं कॅम्पाकडून येतंय. एकदा मोठा ओरडा ऐकू आला. कुणाचा ते कळायला मार्ग नाही. दोघंही उभे राहिलो. मग बसलो.
इथेच लिहून ठेवतो, दुसरीकडे बोलता येणार नाही. मला फार वाईट वाटलं. रडू येईल असं वाटलं. सहादेवने पाठ फिरवून विडी पेटवली.

सव्वासहा.
जिंकलो. तीन-दोन. हाफ टाइमला पुन्हा दोन-शून्य मागे होतो. मी घरी असताना! म्हणजे माझ्या पायगुणाचा संबंध नाही, हे तर्काने सिद्ध झालं. सहादेवला हे समजावणार होतो, पण तो पागोटं सोडत चौकाकडे पळाला.

त्याच दिवशी, आठ वाजता.
ही आली. आली म्हणजे मिरवणुकीने आणून सोडली. केसांत लाल माती, अंबाडा सुटलेला, आवाज पार बसलेला. अठरा वर्षांच्या संसारात हिला अशी पाहिली नाही. धड बसेना. सांगायला लागली की हाफ टाइमपर्यंत आपण गुमान बसलो होतो, मग शेजारी बसलेल्या चांगुणाने, सहादेवच्या बायकोने, कोपराने ढोसलं, वयनी, वरडा की! मग भोंग्यातून ओरडले. काय ओरडलीस? माझी घोषणा? नाही म्हणाली. 'हाण मच्छ्या, हाण!' तिसऱ्यांदा ओरडले आणि त्याने हाणला. पहिला गोल. मग सगळ्या बायका ओरडायला लागल्या.
तिसऱ्या गोलाला ही बाकावर चढली होती. पदर कुठे गेला कळलं नाही. चांगुणा आणि प्रिन्सिपॉलीणबाई एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या.
मी विचारलं, बॉल आत जाताना कसा दिसतो? म्हणाली, दिसत नाही हो काही. आधी सगळं गप्प होतं, आणि मग आपण ओरडतोय हे आपल्यालाच मागाहून कळतं.
मी तिसरा गोल पुन्हा सांगायला लावला. तिने सांगितला. बसल्या आवाजात, हातवारे करून. पहिलाही सांगितला. भात करपला. तसाच खाल्ला.

२६ डिसेंबर, सोमवार. ऑफिस, दुपारी चार.
आज मंडळाची सभा. मला बाहेरच्या टेबलावर बसण्याची विनंती करण्यात आली. दार उघडं होतं. जानेवारीत पुण्याला जाऊन तिथल्या मैदानावर खेळायचं आहे. एस.टी.च्या गाडीत बायकांसाठी चार जागा ठेवल्या. आमच्या हिचा पायगुण नगर जिल्ह्यात एक नंबर, असं मच्छिंद्र म्हणाला. टाळ्या पडल्या.
ठराव: मंडळाच्या अध्यक्षपदी सौ. विजयमाला शामकांत पाठक यांची एकमताने निवड. माजी अध्यक्षांनी मॅचच्या दिवशी नगर सोडू नये.
टाइप मीच केला. तीन प्रती. एकही खाडाखोड नाही.