दहावं नाव

बेला,
१७ फेब्रुवारी १९९७

प्रिय नागोदादा,
सप्रेम जयभीम.

तिकडे वांकिडीला तुझ्या शाळेच्या परीक्षा जवळ आल्या असतील. इकडे कापूस वेचून झाला. वहिनीच्या गुडघ्याला आराम आहे. तुझ्या विनोदिनीचं पत्र आलं, सासरी सुखी आहे पोरगी. धाकट्या बहिणीसाठी, आपल्या पमीसाठी, तिनं लाल रिबिनी पाठवल्या.

गेल्या सोमवारी आमी आदिलाबादला गेलो, मोठ्या कचेरीत. तीन वर्षांतला हा सहावा अर्ज. माझ्यासंगं नऊ बायका, त्यांच्या कडेवर नऊ लेकरं. कंडक्टरनं विचारलं, कोणती जत्रा हाय म्हणून. मागणी तुला पाठच आहे, पहिला अर्ज तूच तेलुगूत लिहून दिला होता. मी चालवते त्या अंगणवाडीला जोडून एक खोली, अन् अपंग लेकरांचा व्यायाम घेणारी, बोलायला शिकवणारी एक बाई, सरकारी पगारावर.

साहेब चांगला माणूस निघाला. खेकसला असता तर भांडले तरी असते. त्यानं फाइल मागवली, पूर्ण वाचली. म्हणाला, "बाई, मंजुरी आली होती. पण दहा लेकरं असतील त्याच मंडलाला. तुमच्या यादीत नऊच. मग ती दुसरीकडे गेली." पुन्हा कधी, विचारलं. म्हणे पाच वर्षं तरी नाही.

देवकाबाईचा नातू मुका आहे. ती तिथंच खाली बसली. "एका लेकरापायी! कोन्या मायनं लपवलं असंल वो बाई?" मी तिला पाणी आणून दिलं.

दादा, यादी कुणी लिहिली ते तुला ठाऊक आहे. विनोदिनीला पाहायला पाव्हणे येणार होते, त्याच आठवड्यात माझ्याकडे अपंग लेकरांची मोजणी होती. तू सुटी काढून आला. "राही, पमीचं नाव नको टाकू. सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर? लग्न झालं की टाकू." मी पमीला दोन दिवस माझ्याकडे आणून ठेवलं अन् तुझ्या घरासमोर लिहिलं, 'कोणी नाही'. लग्नाचा मांडव निघाला त्याच दिवशी मी पमीचं नाव घेऊन कचेरीत गेले होते. यादी बंद झाली होती. हे तुला आजवर सांगितलं नाही.

तुला काऊन दोष देऊ? हात माझा होता. अन् दारोदार जाऊन "लेकरं लपवू नका" म्हणून ओरडत मीच फिरली. लाज वाटते रे, फार लाज वाटते.

पमीचे पाय आखडत चालले. डॉक्टरीण म्हणे व्यायाम लवकर सुरू व्हायला पाहिजे होता, आता फार फरक पडणार नाही. काल रिबिनी बांधून घेतल्या अन् विचारते, "आत्या, मले उभी करनारी बाई कदी येनार?" मीच तिला सांगून ठेवलं होतं. म्हटलं, येऊन राह्यली.

उद्या देवकाबाईकडे जाऊन सगळं सांगणार आहे. तुझं नाव घेणार नाही. तिनं तोंडात मारली तर मारू दे. त्यानं खोली मिळणार नाही, एवढं मला कळते.

आज मी मोजणीच्या वहीत लिहिलं. पद्मिनी नागोराव, वय पाच वर्षं अकरा महिने, दोन्ही पाय. दहावं नाव. ही वही आता कोणी मागत नाही.

तुझी बहीण,
अन् पमीची खोटारडी आत्या,
राही