ईयोबाचं पोस्टकार्ड

सातारा, १४ नोव्हेंबर १९७६

प्रिय सलू,

पाकीट जाड लागलं म्हणून दचकू नकोस. माझ्याकडून तुला पोस्टकार्डाचीच सवय, त्यावरही फक्त बायबलातल्या पुस्तकाचं नाव आणि वचनाचा आकडा. परीक्षा आली, पाठव वचन. बाळंतपण झालं, पाठव वचन. लहानपणी तू मला वचनांचं दुकान म्हणायचीस आणि मी तुझ्या पाठीत धपाटा घालायचे. मनातून मात्र मला ते आवडायचं. मंडळीत कुणाच्या घरी काही झालं की आधी अक्काला बोलवा, असा माझा तोरा होता.

तुझे दाजी जाऊन पाच महिने झाले. शेवटच्या आठवड्यात त्यांचं बोलणंही बंद झालं होतं. मी कानाशी मेंढपाळाचं स्तोत्र म्हणायचे, तेव्हा त्यांची आवळलेली मूठ सैल व्हायची. वचनात धीर नसतो असं मी कधीच म्हणणार नाही. पण तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

माती झाल्यावर घर माणसांनी भरलं. जो तो वचन सांगून गेला. सगळी मला पाठ, बरीचशी मीच त्यांना शिकवलेली, आणि एकही आत उतरेना. राग येत होता सलू, देवाचा नव्हे, त्या माणसांचा. तू मिरजेहून एसटीने आलीस, चार वर्षांनी. काही बोलली नाहीस. चहाची भांडी घासलीस, मग मागे बसून माझे गुंतलेले केस विंचरलेस आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस. शेजारच्या भामाबाई नंतर म्हणाल्या, "आवं आक्का, समदी बोलून गेली. तुमची भन तेवढी बसून गेली."

तेव्हा मला शमू आठवला. तो गेल्याची तुझी तार आली, तेव्हा मी वाईच्या महिला मेळाव्याला निघाले होते. माझ्या भाषणाचा विषय होता, दुःखितांचं सांत्वन. मिरजेची गाडी समोर उभी होती गं. पाच वर्षांचं तुझं लेकरू कावीळ होऊन गेलेलं, आणि मी स्टँडवरच कार्ड लिहिलं: ईयोब १:२१. देवाने दिलं, देवाने नेलं. खाली 'अक्का', आणि टाकलं पेटीत. शमूचं नावसुद्धा लिहिलं नाही.

आठ दिवसांनी तुझं उत्तर आलं, तेही तसंच: ईयोब १६:२. मला केवढा आनंद झाला! बहीण सावरली, त्याच पुस्तकातून उत्तर देते. उघडून पाहिलं नाही. मला कशाला पाहावं लागतंय? पुढच्या मेळाव्यात ते कार्ड उंच धरून सगळ्यांना दाखवलं, श्रद्धा असावी तर अशी. एकीनेही पुस्तक उघडलं नाही. अक्का सांगते म्हटल्यावर कोण उघडणार? मग तुझी पत्रं थांबली, तर मी तुलाच गर्विष्ठ ठरवलं.

गेल्या मंगळवारी ते कार्ड माझ्या बायबलात सापडलं. शेजारच्या पानात शेंगेचं एक फोलपट होतं. शमू माझ्या मांडीवर बसून शेंगा फोडायचा आणि टरफलं पानांत लपवायचा, आठवतं? मग पहिल्यांदा ते वचन काढलं. ईयोब भेटायला आलेल्या मित्रांना म्हणतो, तुमचं सांत्वन म्हणजे नुसता जाच आहे. चश्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग मागची पानं वाचली. ते मित्र आले तेव्हा सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. मी तर त्यांच्यासारखी एक दिवसही तुझ्याजवळ बसले नाही. चुकलं गं माझं, फार चुकलं.

पुढच्या सोमवारी, बावीस तारखेला, शमू दहा वर्षांचा झाला असता. मी सकाळच्या गाडीने येतेय. सात दिवस राहीन, एकही वचन म्हणणार नाही. तू शमूचं बोललीस तर ऐकेन, नाही बोललीस तर मेथी निवडत बसेन. आणि दार उघडावंसं वाटलं नाही, तर नको उघडूस. मी पायरीवर बसेन. सात दिवस तिथेही बसता येतं.

तुझीच,
अक्का