पुन्हा केबल सुटली

३ फेब्रुवारी
दुसरा स्क्रीन काळाच! लॅपटॉपला मॉनिटर जोडणाऱ्या डॉकचा दिवा लागतो, लॅपटॉप चार्ज होतो, माऊस चालतो — चित्र तेवढं नाही. लिनक्सला डॉक दिसतो, मॉनिटर दिसत नाही. ऑफिसच्या मनीषा मॅडम फोनवर म्हणाल्या, "घरून नीट जमत असेल तर ठीक, नाहीतर महिनाअखेर पुण्याला ये." मी गेले तर नानांचं कोण बघणार? आई असती तर गोष्ट वेगळी. लूमवर कापड विणता विणता त्या खडखडाटात वडिलांचे कान गेले, आता दोन पावलांत दम लागतो.

४ फेब्रुवारी
केबलच चुकीची! दिसायला सगळ्या सारख्या. पण ही चार्जिंगची, माऊसपुरती ठीक, हिच्यातून चित्र जातच नाही. गुजराती दुकानदार म्हणाला होता, "बेन, बधुं चालशे!" सगळं चालतं म्हणे, डोंबल!

५ फेब्रुवारी
नवी केबल. आलं चित्र! नानांना ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

९ फेब्रुवारी
लॅपटॉप स्लीपमधून उठतो, मॉनिटर उठत नाही. लिनक्सचं कर्नल अपडेट केलं. ते जमलं, पण तव्यावरची भाकरी करपली. थकले.

१२ फेब्रुवारी
आता भर मीटिंगमध्ये मॉनिटर गायब! मॅडम — "प्रियांका, आहेस का?" आहे हो, अंधारात आहे. लॅपटॉपच्या लॉगमध्ये नोंद एवढीच — डॉक सुटला. का सुटला, ते नाही. पोर्ट बदलला. पुन्हा तेच.

१३ फेब्रुवारी
शेजारच्या पुष्पाबाई म्हणाल्या, "तुझे नाना हल्ली ओट्यावर दिसत नाहीत गं. दगाभाऊ पत्ते घेऊन एकटेच बसतात." मीच बसू देत नाही. धुळीने दम वाढतो, आणि तिथे बिडीही मिळते! माझा जीव इकडे केबलमध्ये अडकलेला, लोकांना पत्ते सुचतात.

१६ फेब्रुवारी
पुन्हा मॉनिटर गेला, मीटिंगमध्येच रडले. कॅमेरा बंद होता, बरं झालं. नानांना गावी काकांकडे धाडायचं? माझा जीव धजत नाही.

१८ फेब्रुवारी
पाणी घेऊन आले तर नाना खाटेवरून वाकलेले, हात टेबलामागे. केबल ओढत होते! पूर्ण नाही, जराशीच — मला सैल वाटावी म्हणून. मी किंचाळले. नाना केबल सोडून उठून बसले.

"दिनभर मन्हावर पहारा देस. मी काय लहान पोर शे का? जाय तू पुनाले. दगा शे ना मन्हा जोडे."

मी यांच्यासाठी मरतेय आणि यांना माझाच कंटाळा, सोबतीला दगाभाऊ हवेत! भयंकर राग आला. जेवले नाही. तेही जेवले नाहीत. मग ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले, तेव्हा दोघं जेवलो.

१९ फेब्रुवारी
नाना ओट्यावर पत्ते कुटतायत. इथपर्यंत आवाज येतोय! दोन्ही स्क्रीन दिवसभर सुरू, एकदाही गेले नाहीत.

मॅडमना कळवलं — डॉक काही चालत नाही, पुण्याला येते.