सकाळी सहाच्या बातम्या आणि माझं नाक

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण खाली वाकलं की नाक चोंदतं, तेव्हा उभ्याउभ्याच केलेला गोड मानून घे. तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तू "उत्तम" म्हणणार, आणि तुझ्या उत्तमावरचा माझा विश्वास उडून बरीच वर्षं झाली. वहिनीचा गुडघा कसा आहे? बेकरीतल्या भट्टीचं नवं दार नीट बसलं का, की अजून लाथ मारूनच बंद करावं लागतं? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. (सुखरूप हा शब्द जरा सैल अर्थाने घे.) फोनवर तू "हं", "बरं" आणि "ठेवतो" एवढ्या तीन शब्दांत माणसाची बोळवण करतोस, म्हणून मुद्दाम पत्र लिहायला बसले. पत्राला मध्येच "ठेवतो" म्हणता येत नाही.

तर चौदा वर्षं मी रेडिओवर संध्याकाळी सातच्या बातम्या वाचत आले, हे तुला ठाऊक आहेच. दुपारी दोनला घरातून निघायचं, रात्री नऊला परत, सगळं कसं सुरळीत. यंदा सकाळच्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. आमच्याकडे सकाळी सहाच्या बातम्या म्हणजे मानाचं पान. संध्याकाळी लोक भाजी चिरता चिरता ऐकतात, सकाळी मात्र चहाचा कप हातात धरून, कान देऊन. निवडीसाठी माझा आवाज ऐकला तो दुपारी तीन वाजता. साहेब (म्हणजे आमचे केंद्रप्रमुख, हसले तरी खुलासा मागितल्यासारखे हसतात) म्हणाले, काय आवाज आहे, अगदी लोणी! हे लोणी पहाटे पातळ होतं हे त्यांना काय ठाऊक, आणि मला तरी काय ठाऊक?

पहिल्या दिवशी पाचला उठले, इस्त्रीचे कपडे घातले (रेडिओवर कोण बघणार आहे म्हणून हे हसले, पण आवाजाला इस्त्री कळते असं माझं मत आहे) आणि सहाच्या ठोक्याला सुरुवात केली. दोन बातम्या झोकात गेल्या. तिसरी होती एका वृद्ध गायिकेच्या निधनाची. तोच नाकाच्या मुळाशी मुंगी चालायला लागली. मी श्वास रोखून पहिली शिंक गिळली, तिचा हुंदका झाला. दुसरी गिळली, तिचा त्याहून मोठा हुंदका झाला. काचेपलीकडे बसलेला तंत्रज्ञ डोळे वटारून बघत होता. मी डोळे पुसत पुसत कशीबशी बातमी संपवली. त्या आठवड्यात केंद्रावर सात पत्रं आली, की अशी हळव्या मनाची निवेदिका आजच्या काळात दुर्मिळ आहे. साहेबांनी कौतुक केलं. मी गप्प बसले. (तू असतास तर बोलला असतास? खरं सांग.)

पण रोज रोज कोण मरणार? पुढच्या आठवड्यात मंत्रिमहोदयांची बातमी होती. "वर्षभरात शहरात एकही खड्डा दिसणार नाही, असं आश्वासन..." इथवर आले आणि लागोपाठ चार शिंका, न गिळलेल्या, खणखणीत. क्षमस्व म्हणून वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं, आणि नेमकी "आश्वासन" या शब्दावर पाचवी. आमच्या चौकातल्या न्हाव्याने त्या दिवशी दुकानात दर गिऱ्हाइकाला ती बातमी शिंकांसकट म्हणून दाखवली. मंत्र्यांच्या चिटणिसांचा फोन आला की तुमचं केंद्र आमच्या सरकारची टिंगल करतंय का. साहेबांनी मला आत बोलावलं.

"बाई, शिंका बदलायच्या की खुर्ची?"

"साहेब, मुद्दाम कोण शिंकतं हो?"

"ते मला कळतं. वरच्यांना कळत नाही. महिना देतो. नाहीतर तळघरात जुन्या ध्वनिफितींची खोली आहे, तिथे बसा."

खोलीत हसून "बरं" म्हणाले खरी, पण दादा, जिन्यात येऊन मी रडले. चौदा वर्षं वाट पाहून मिळालेली खुर्ची, आणि माझंच नाक मला उठवायला निघालेलं.

मग कुठे माशी शिंकतेय याचा शोध सुरू झाला. केंद्रात तंत्रज्ञाने ध्वनिकक्षाच्या भिंती झाडल्या, माइकचा फोम बदलला, शेवटी माझ्याकडेच संशयाने बघून विचारलं की तुम्ही केसांना काय लावता? घरी ह्यांनी पडदे काढले. शेजारीण म्हणाली मांजर. (आमच्याकडे मांजर नाही. तिच्याकडे आहे. तरी तिने आमच्याकडे बोट दाखवलं.) औषधाच्या दुकानदाराने एक गोळी दिली, ती मी पहाटे पहिली शिंक आली की घ्यायचे, म्हणजे वरातीमागून घोडं, काही गुण नाही म्हणून रागाने टाकून दिली. गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले, पण ते भेटतात संध्याकाळी पाचला, आणि पाचला माझं नाक एखाद्या गुणी मुलीसारखं वागतं. त्यांनी विजेरी मारून दोन्ही नाकपुड्या बघितल्या आणि म्हणाले, तुम्हाला माइकची भीती वाटते. चौदा वर्षं माइकसमोर बसणाऱ्या बाईला!

शेवटी तंत्रज्ञाच्या बायकोने एका ॲलर्जीवाल्या डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. लहानखुऱ्या बाई, टेबलावर कागदांचा ढीग. मी धूळ, मांजर, फोम, मंत्री असं सगळं भडाभडा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "किती वाजता?" इथे तुझे मेहुणे कामी आले. गणिताच्या मास्तरांशी लग्न केल्याचा तोटा मी रोज भोगते, फायदा त्या दिवशी प्रथम दिसला: ह्यांनी बारा दिवसांच्या शिंका वेळेनिशी आलेखवहीत मांडल्या होत्या. सव्वापाच ते आठ, नुसता डोंगर. आठनंतर सपाट माळरान. बाईंनी हातावर थेंब टाकून, सुईने टोचून चाचणी केली, आणि गादीतल्या धुळीच्या थेंबाखाली ही एवढी लाल, फुगीर गांधी उठली. (हीच चाचणी सकाळी केली तर गांधी जरा लहान येऊ शकते, असंही त्या म्हणाल्या. म्हणजे कातडीलाही वेळ कळते!)

मग त्यांनी समजावलं ते तुला माझ्या शब्दांत सांगते. आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं, ते उजेडावर लागतं, आणि त्याच्या तालावर अंगातल्या पेशीपेशीतली छोटी घड्याळं चालतात. शरीराचे पहारेकरी, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पेशी, त्यासुद्धा पाळीने काम करतात. सूज आवरणारं एक द्रव्य शरीर स्वतःच बनवतं. ते रात्री कमी असतं आणि उजाडताना वाढतं. त्या मधल्या वेळात ॲलर्जीच्या पेशींचं फावतं. वर रात्रभर नाक गादीत खुपसलेलं. म्हणून शिंका पहाटेच्या. मी म्हटलं, पण हे आताच का सुरू झालं? तर बाई शांतपणे म्हणाल्या, "आता नाही सुरू झालं. तुमचं नाक वर्षानुवर्षं सहाला शिंकत असणार. फक्त त्याला माइक आत्ता मिळाला."

ह्यांना विचारलं तर हे म्हणतात, अगं हो, तू सकाळी शिंकतेसच की, लग्नापासून. मग आजवर बोलला का नाहीत? तर म्हणे, मला वाटलं तुझी सवय आहे.

बाईंनी सांगितलं, गोळी आता रात्री झोपण्याआधी घ्यायची, नाकात फवारा रोज न चुकता मारायचा, गादीला आणि उशीला घट्ट विणीची खोळ, चादरी दर आठवड्याला कडक पाण्यात, आणि झोपायची-उठायची वेळ एकच. एवढं साधं. पण मास्तरांचं डोकं साध्या उत्तरावर थांबेल तर ना! घड्याळच जर आठपर्यंत शिंकतंय, तर घड्याळच तीन तास अलीकडे ओढू, म्हणजे शिंका पाचलाच संपतील, असं त्यांनी ठरवलं. दोन दिवस आमच्या घरी दुपारी चारला जेवण झालं, पाचला पडदे ओढून "शुभ रात्री" झाली. बाहेर पोरं क्रिकेट खेळतायत, भाजीवाला ओरडतोय, आणि आम्ही दोघं डोळे मिटून छताकडे तोंड करून पडलेलो. झोप कुणाला येणार? तिसऱ्या दिवशी पहाटे मी शिंकले तर शिंकलेच, वर जांभया देत बातम्या वाचल्या, आणि "राज्यपाल" म्हणायच्या जागी "राजगाल" म्हणाले. बाईंनी फोनवर अशी हजेरी घेतली, की शरीराचं घड्याळ म्हणजे भिंतीवरचं नव्हे, काटा फिरवला की झालं! झोप मोडली की ॲलर्जी आणखी चेकाळते. हे फोनला कान लावून ऐकत होते. तेव्हापासून नुसता आलेख काढतात, उपाय सुचवत नाहीत.

दोन-अडीच आठवड्यांत डोंगराची टेकडी झाली, टेकडीचं ढेकूळ. महिन्याच्या शेवटच्या दिवशी साहेब स्वतः येऊन काचेपलीकडे बसले. मी पंधरा मिनिटं सलग वाचलं. खेळाच्या बातम्यांना मुंगी आली होती, पण नुसती फिरून गेली. बाहेर आले तर साहेब म्हणाले, "छान." मग जरा घुटमळून म्हणाले, "पण लोकांची पत्रं येतायत, त्या हळव्या बाई कुठे गेल्या म्हणून." खुर्ची माझीच राहिली. तुझ्या बहिणीचं असं आहे, वाचून हसू आलं का तेवढं कळव म्हणजे झालं. वहिनीला नमस्कार आणि तिच्या गुडघ्याला आराम सांग. (तुझ्या लेखी आराम ही शिवी आहे, म्हणून तुला सांगत नाही.)

तुझी धाकटी, जी तुझ्यापेक्षा शहाणी आहे असं तू सोडून सगळे म्हणतात

ता. क. एक गोष्ट राहिली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं की घरात आणखी कुणाला पहाटेचा त्रास आहे का. मी म्हटलं, थोरला भाऊ आहे, बेकरी चालवतो, पहाटे तीनपासून पिठात असतो, चारला खोकायला लागतो, पण तो म्हणतो पिठाची धूळ आहे, काही नाही. बेकरी बंद असते त्या दिवशी खोकला कमी असतो, हेही सांगितलं. बाई लिहीत होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, पिठाचीसुद्धा ॲलर्जी असते, आणि दम्याला पहाटेची वेळ सगळ्यात वाईट. "नाकावर हसू आपण. छातीवर नको. त्यांना घेऊन या."

ता. क. २ तू दोन महिन्यांपासून खुर्चीत बसून झोपतोस, हे मला वहिनीने सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, मीच शपथ घातली होती. दादा, एवढं लांबलचक पत्र मी शिंकांसाठी लिहिलं असं वाटलं का तुला?

ता. क. ३ येत्या गुरुवारी सकाळी साडेदहाची वेळ घेतली आहे, तुझ्या नावाने. गाडीवर हे घ्यायला येतील. (वाटेत तुला आलेख दाखवतील, सहन कर.) भट्टी वहिनी बघेल, तिच्या हातचे पाव तुझ्यापेक्षा जास्त फुगतात, हे सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे, फक्त तुला कुणी सांगत नाही.

ता. क. ४ पत्र मिळालंच नाही, असं म्हणू नकोस. पाकिटावर मी वहिनीचं नाव घातलंय. हे सगळं ती तुला मोठ्याने वाचून दाखवते आहे, आणि तुला मध्ये उठू द्यायचं नाही असं मी तिला आधीच बजावून ठेवलंय.