बेसिनखालचा ताजा ब्रेड

ताई,

तुझ्या पायांना आणि दाजींच्या गुडघ्याला माझा नमस्कार (गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव). मी ठणठणीत आहे. पत्र लांबलचक आहे म्हणून घाबरू नकोस, नोकरी गेलेली नाही. चार वर्षांत सात नोकऱ्या सोडल्या, माझ्या पायाला भिंगरी आहे, हे तुझं म्हणणं मी खोडत नाही. पण या शाळेतल्या सफाईच्या कामात सहावा महिना चालू आहे आणि मला इथून जावंसंच वाटत नाही. सकाळी मुलं यायच्या आधी वर्ग पुसून बाकं ओळीत लावली की तो इतका शहाण्यासारखा दिसतो, की मीच जरा वेळ दारात उभा राहतो. मोठ्या बाई (म्हणजे मुख्याध्यापिका) म्हणाल्या होत्या, सहा महिने काम बघू, मग कायम करायचं का ते ठरवू. म्हणून मी जीव तोडून घासत होतो, आणि त्या घासण्यानेच घात केला.

झालं असं, की तिसरीच्या बाईंनी मुलांना बुरशी कशी वाढते ते दाखवायचं ठरवलं. (हे शिकायला आपल्याला कधी शाळेत जावं लागलं नाही, पण ते असो.) ब्रेडच्या चार स्लाइस, प्रत्येकीवर चार थेंब पाणी, आणि चार बंद पिशव्या. एक खिडकीत उन्हाला, एक कोरड्या कपाटात, एक बेसिनखालच्या दमट कप्प्यात, एक शिक्षकांच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये. मुलांनी रोज बघायचं आणि वहीत चित्र काढायचं. शेजारी चिठ्ठी होती, 'मुलांनी हात लावू नये'. आता मी काही मूल नाही. पाचव्या दिवशी बेसिनखाली पुसायला वाकलो तर ब्रेडवर हिरवट लव. मला वाटलं, पोरांनी जपून ठेवलेला ब्रेड माझ्या कप्प्यात नासला, आता ती रडणार आणि मोठ्या बाई म्हणणार, हा माणूस कप्पा धड पुसत नाही. मी गुपचूप ती स्लाइस टाकली आणि माझ्या डब्यातली एक तिथे ठेवली (चार थेंब पाण्यासकट, मी कामात कसूर करत नाही). तेव्हापासून खिडकी, कपाट, बेसिन, जिथे ठिपका दिसेल तिथे माझा डबा रिकामा. दोन आठवडे अर्धपोटी राहिलो, पण डाग राहू दिला नाही. फ्रिजला तेवढा हात लावला नाही, तो पुसायचं काम माझ्याकडे नाही.

त्यामुळे निकाल असा लागला, की फ्रिजमधल्या ब्रेडवर दोन ठिपके आणि बेसिनखालचा नव्या नवरीसारखा टवटवीत. मुलांनी लिहिलं, बुरशी थंडीत वाढते. बाईंनी पुस्तक तीनदा चाळलं. मोठ्या बाईंनी तर स्वतःचा डबा फ्रिजमधून काढून बेसिनखाली ठेवायला सुरुवात केली. (मी तो कप्पा दिवसातून दोनदा पुसू लागलो.)

वर्गात एक चष्मेवाली पोर आहे, तिला सगळे फौजदार म्हणतात. तिने रोज वहीत ब्रेडचं भोक न् भोक काढलं होतं. गुरुवारी ती वही घेऊन उठली आणि म्हणाली, "बाई, सोमवारी बेसिनखालच्या ब्रेडला डावीकडे मोठं भोक होतं. मंगळवारी नाही. ब्रेडची भोकं बुजतात का?"

बाई म्हणाल्या, नाही, पण तुझीच चित्र काढताना चूक झाली असेल. पोरीने वही पुढे धरली आणि म्हणाली, मी बघूनच काढलंय. मी मागे खिडकी पुसत होतो. दार उघडं होतं, बादली हातात होती, आणि उघडं दार दिसलं की मी काय करतो ते तुला माहीत आहे. पण ती पोर खरं बोलत होती गं. मी हात वर केला. शाळेत असताना कधी केला नव्हता.

"बाई, ब्रेड मीच बदलत होतो."

बाई खुर्चीतच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. फौजदार हसली नाही. तिने मला तारीखवार जबानी द्यायला लावली आणि तक्त्यावर लिहिलं, 'बुरशीवर परिणाम करणाऱ्या गोष्टी: ओल, ऊब, वेळ आणि सफाईवाला दादा'. मोठ्या बाईंनी तो तक्ता वाचला, आपला डबा परत फ्रिजमध्ये ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाल्या, कप्प्यापायी उपाशी राहणारा माणूस मला दुसरा मिळायचा नाही. तेव्हा ताई, मी कायम झालो असं समज. प्रयोग पुन्हा मांडलाय, आणि बुरशीची राखण माझ्याकडे आहे. न पुसता नुसतं बघत राहायचं, एवढं कठीण काम मी आजवर केलं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. कायम झालो म्हणजे अजून झालो नाही. तिसरी पास झाल्याचा कागद लागतो म्हणे. मी तिसरीच्या मध्यावर खिडकीतून निघून गेलो, हे मोठ्या बाईंना खरंखरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, मग पुढच्या महिन्यात मुलांबरोबर परीक्षेला बसा.

पुन्हा ता. क. म्हणून, मुळात पत्र यासाठीच लिहिलं, की तुझ्या लेकाचं तिसरीचं गणिताचं पुस्तक लगेच पाठव. पहिला अर्धा भाग फाटला असला तरी चालेल, मला भागाकारापासून पुढचं हवंय. त्याला सांग, मामाला बुरशीच्या संशोधनासाठी लागतंय. उशीर करू नकोस. मला फौजदारच्या शेजारी बसवलंय, आणि पेपर दाखवणार नाही असं तिने आजच बजावून ठेवलंय.