ऐन सुट्टीच्या दिवशी लग्न

तीर्थस्वरूप ताई,

लांबूनच तुझ्या पायांना हात लावतो (जवळ असतीस तरी माझ्या कंबरेनं तेवढी परवानगी दिली नसती). तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? गेल्या पत्रात ‘आम्ही सगळे मजेत’ एवढंच लिहून तू मोकळी झालीस, म्हणून विचारतो. इतक्या थोडक्यात मजेत असणाऱ्या माणसांवर माझा विश्वास बसत नाही.

तुझ्या भाचीचं लग्न ठरलंय हे तुला ठाऊक आहेच. आता दिवस कोणता काढलाय, ते आधी खुर्चीत बस आणि मग वाच. वर्षातली सगळ्यात मोठी सुट्टी! ज्या दिवशी बाजार बंद, बँका बंद, बस नावापुरत्या, आणि जो तो आपल्या घरी आपल्याच माणसांत. अशा दिवशी लग्नाला येणार कोण? कोणी येऊच नये असं ज्याला वाटतं, तोच असा दिवस निवडेल. आणि कोणी येऊ नये असं कोणाला वाटतं? ज्याला काहीतरी लपवायचंय त्याला. तीस वर्षं कपडे शिवतोय मी. आत ठिगळ असलं की वरून कापड कसं दिसतं ते मला कळतं.

पहिला संशय अर्थातच होणाऱ्या जावयावर. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. उंचीमुळे कंपनीत त्याला सगळे ‘शिडी’ म्हणतात. मीही म्हणतो, मनातल्या मनात. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, तरी हा चौथ्या मजल्यावर जिन्यानं चढून येतो. का रे बाबा, म्हणून विचारलं, तर म्हणतो, ‘‘ही लिफ्ट मीच दुरुस्त केलीय ना!’’ हसत म्हणाला, पण उतरला तोही जिन्यानंच. (तेव्हापासून मीही जिनाच वापरतो. कंबरेचं दुखणं तिथलंच.)

सुटाचं माप घ्यायच्या निमित्तानं त्याला दुकानात बोलावलं. तुला म्हणून आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. छातीभोवती टेप धरून ठेवायची आणि गप्पा मारता मारता प्रश्न टाकायचा. खोटं बोलायच्या आधी माणूस श्वास भरून घेतो. ‘दिवस कोणी काढला?’ एवढंच मी विचारलं, तर शिडीची छाती अडतीसवरून साडेएकोणचाळीस झाली. ‘‘दोघांनी मिळून,’’ म्हणाला. (गडबडीत मी तेच माप लिहून घेतलं. सूट आता छातीत फुगलाय.)

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून थेट हॉल गाठला. तिथला मॅनेजर माझ्याहून संशयी निघाला, त्यामुळे आमचं चटकन जमलं. मी मुलीचा बापच आहे याची खात्री पटल्यावर त्यानं खुर्ची दिली. म्हणाला, ‘‘बावीस वर्षांत त्या दिवशी या हॉलचं कुलूप काढलेलं नाही. मीसुद्धा मुलीला दोनदा विचारलं, घरी माहीत आहे ना?’’ मुलीला? मी उडालोच. त्यानं नोंदवही माझ्याकडे फिरवली. अक्षर आपल्या पोरीचं. नोंद केल्याची तारीख फेब्रुवारीची. आणि ताई, शिडीला तिनं पहिल्यांदा घरी आणलं एप्रिलमध्ये! म्हणजे दिवस आधी आणि नवरा मागाहून. आता सांग, संशय मी घेतो की तो चालत माझ्याकडे येतो?

संध्याकाळी ती हॉस्पिटलातून ड्यूटी संपवून आली. नर्सची नोकरी, दिवसभर उभी. बूट काढत होती तेवढ्यात मी तारीख तोंडावर फेकली. मला वाटलं, गडबडेल. ती दुसरा बूट काढत राहिली.

‘‘बाबा, आई गेल्यापासून त्या सुट्टीला तुम्ही काय करता?’’

‘‘काय करणार? गिऱ्हाइकांची घाईची कामं असतात. दुकानात असतो.’’

‘‘तीन वर्षं मी त्या दिवशी सकाळची ड्यूटी मागून घेते. येताना सगळी गल्ली बंद असते. फक्त आपलं शटर अर्धं वर, आणि आतून मशीनचा आवाज. पहिल्या वर्षी मला खरंच घाईचं काम वाटलं. दुसऱ्या वर्षी वाकून पाहिलं.’’ बूट कोपऱ्यात ठेवले. ‘‘मशीनमध्ये दोरा नव्हता, बाबा.’’

ताई, मी मेजावरची कात्री उचलली आणि परत ठेवली. तुझी भावजय असेपर्यंत त्या दिवशी घर कसं गजबजलेलं असायचं ते तू पाहिलंयस. घरात बसवत नाही गं. मशीन चालू असली की निदान कोणीतरी कामात आहे असं वाटतं.

पोरगी पुढे म्हणाली, ‘‘लग्नानंतर मी तिकडे असणार आणि तुम्ही इथं रिकामी मशीन चालवणार. त्यापेक्षा लग्नच त्या दिवशी करते. मग दरवर्षी तो दिवस माझा. मी म्हणेन तिथं तुम्ही यायचं, नाही म्हणायची सोय नाही. हे मी त्याला आधी सांगितलं. तो हो म्हणाला, म्हणून त्याला घरी आणलं.’’

म्हणजे हा मला बांधून ठेवायचा डाव आहे! जन्मभराचा, दर वर्षाचा! आणि शिडीही त्यात सामील. मी तिला सांगितलं, असल्या कारणासाठी कोणी तारीख काढत नाही, लोकांनी विचारलं तर काय तोंड दाखवू? तर म्हणे, सांगा, दुसऱ्या कुठल्याच दिवशी हॉल मिळत नव्हता. खोटं बोलायला बापालाच शिकवते! मी अजून होकार दिलेला नाही. तू थोरली आहेस, शांतपणे विचार कर आणि तुझं मत कळव. तुझा शब्द मी मोडणार नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. मत जरा लवकर कळव. होकार मी त्याच संध्याकाळी दिला आणि सकाळी जाऊन हॉलच्या वहीत पोरीच्या नावाखाली सहीही करून आलो.

ता. क. २. ही सुट्टी सगळे तुझ्याकडे जमून करतात, आणि दरवर्षी तू मला बोलावतेस. मी दरवर्षी लिहितो, घर पाहुण्यांनी भरलंय, निघता येत नाही. तीन वर्षं घरात कोणीही नव्हतं, ताई. हे तुला आधीच ओळखू आलं असेल तर तसं कळवू नकोस. यंदा मात्र सगळी मंडळी घेऊन तू इकडे ये. बस मिळणार नाही, तेव्हा आदल्या दिवशीच निघा. किती जण येणार त्याचा नेमका आकडा लिही. मागे सात म्हणून अकरा जण आला होतात. (यंदाही सातच लिही.)