नटाखालचा काळा रंग

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यापेक्षा मीच वयाने मोठी आहे. तेव्हा आज थोडं मोठ्या माणसाच्या अधिकाराने बोलते, रागावू नका. शेवटची चार-पाच वर्षं तुम्ही एकच वाक्य म्हणत राहिलात, "मना बोटं थकी गयात आते." गिऱ्हाइकाला म्हणायचात, आईला म्हणायचात, मी जळगावहून अखाजीच्या सणाला माहेरी आले की टांग्यातून पिशवी उतरायच्या आधी मलाही म्हणायचात. नाना, तुमची बोटं थकली नव्हती. शेठजींच्या त्या पांढऱ्या गाडीच्या डायनामोत काहीही बिघाड नव्हता. बिघाड मी केला होता, आणि तो मीच केला हे मला तेव्हाच कळलं होतं.

धुळ्याचं आपलं गॅरेज मला अजून जसंच्या तसं दिसतं. गॅरेज कसलं, आग्रा रोडच्या कडेला पुढे पत्र्याचं छप्पर आणि मागे आपल्या दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या फळीवर लोणच्याच्या बरणीशेजारी तुम्ही बॅटरीच्या ॲसिडची बाटली ठेवायचात आणि आई म्हणायची, एक दिवस मी भाजीत तेच ओतणार, मग बसा हात धुऊन. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजातून आले की कळण्याची भाकरी खाता खाता मी दारात उभी राहून तुमचं काम बघायची आणि न विचारता शहाणपण शिकवायची. तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "पुस्तकमा गाडी चालस का?" एकदा मी चांदीचं कडं घालून बॅटरीवर वाकले, तेव्हा तुम्ही मला असं खसकन मागे ओढलंत की माझा खांदा दोन दिवस दुखत होता. "कडं चिकटनं तर हात जळी जाई," एवढंच बोललात आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. मला जळण्याची भीती वाटली नाही. तुम्ही आता मला गाडीला हात लावू देणार नाही, याची वाटली. बोलून दाखवलं नाही कधी, पण कॉलेजातल्या पहिल्या नंबरापेक्षा मला तुमच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं की पोरी, जरा हे बघ.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी गॅरेजात गाड्यांची रांग लागली होती. दसऱ्याला आपल्याकडे गाडी नुसती धुऊन भागत नाही. हार-फुलं चढायच्या आधी तिचा कानाकोपरा रंगवून काढायचा, ही चालच आहे. कापडवाल्या शेठजींची गाडी आली, आणि कामाच्या गर्दीत तुम्ही पहिल्यांदाच मला म्हणालात, बॅटरीखालचा पत्रा गंजला आहे, तेवढा रंगव. मला आभाळ ठेंगणं झालं. मी बॅटरी उतरवली, तिची जाड पट्टी गाडीच्या अंगाला जिथे नटाने बांधलेली असते ती सोडली, पत्रा घासून लख्ख केला आणि काळ्या रंगाचे चांगले दोन हात मारले. पट्टी बसते ती जागासुद्धा सोडली नाही. वाळल्यावर पट्टी लावून नट करकचून आवळला. पुस्तकात गंजाचं पान होतं, रंगाचं नव्हतं. बॅटरीतून निघालेली वीज दिव्यांतून, स्टार्टरमधून फिरून गाडीच्या पत्र्यावाटे त्या पट्टीनेच घरी परत येते, अर्थिंग म्हणतात ते हेच, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. त्याच वाटेवर मी रंगाचं दार लावून घेतलं.

दसरा झाला आणि आठवड्यात गाडी परत आली. स्टार्टर रडतो, दिवे मिणमिणतात, बॅटरी चार्ज होत नाही. तुम्ही तुमचा छोटा टेस्टचा दिवा काढलात, एक तार इकडे, एक तार पत्र्याला. "दिवा लागस. अर्थिंग बरोबर शे." एवढ्याशा दिव्याला कितीशी वीज लागते, ती नटाच्या आट्यांतूनही मिळते, खरा भार आला की अडते. पण ते तुम्हाला सुचायला तुमच्या मनात शंका यायला हवी होती, आणि शंका येणार कशी? तुम्ही मला विचारलंत, "तू नट टाईट करा व्हता ना?" मी हो म्हटलं. "मंग ते बरोबरच ऱ्हाई." नाना, तो नट तुम्ही उघडून पाहिला नाहीत, कारण तो मी बसवला होता.

मग तुम्ही डायनामो उघडलात. कार्बन बदलले, आतला तांब्याचा भाग घासला, कटआउटचे पॉइंट साफ केले. गाडी गेली आणि परत आली. पुन्हा उघडलात. तिसऱ्या वेळी ती पारोळ्याच्या अलीकडे भर उन्हात बंद पडली आणि शेठजींच्या घरच्या बायकांना रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसावं लागलं. शेठजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "नाना, बुरा मत मानना. आता उमर झाली तुमची. सांजेला ड्रायव्हर येईल, गाडी दुसरीकडे दाखवतो." त्या दुपारी तुम्ही जेवला नाहीत. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलात आणि आईने मला खुणेने गप्प राहायला सांगितलं.

मी बाहेर येऊन गाडीत बसते. स्टार्टर ओढते, घर्र करून थांबतो, पुन्हा ओढते. बॉनेट उघडून एकेका जोडाला हात लावत जाते आणि त्या नटाशी बोट चरकतं. नट तव्यासारखा तापलेला. सोडवून बघते तर पट्टीखाली माझा काळा रंग, अजून चकचकीत.

तेव्हाच तुम्हाला उठवायला हवं होतं. मी कानस घेतली, पत्रा उघडा पडेपर्यंत घासला, पट्टी बसवून नट आवळला. आणि मग चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. घासलेली जागा तुम्हाला दिसेल म्हणून मी एक जाड तांब्याची तार डायनामोच्या अंगापासून थेट त्याच नटाखाली आणून बसवली, वरून ग्रीस थापलं. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. आवाजाने तुम्ही बाहेर आलात, तारेकडे बोट दाखवून म्हणालात, "हाई काय?"

"जास्तीची अर्थिंग, नाना. इंजिन रबरावर बसलेलं असतं ना, वीज पत्र्यापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून."

तुम्ही बराच वेळ वाकून बघत राहिलात. शास्त्र खरंच होतं, त्या तारेने चार्जिंग सुधारतंच, पण त्या गाडीला तिची गरज नव्हती. "हाई मले सुचनं नही," तुम्ही म्हणालात. "दोन डाव डायनामो उघाडा, पन हाई सुचनं नही." मग संध्याकाळी स्वतः शेठजींच्या दुकानात जाऊन सांगून आलात की चूक आपलीच होती, गाडी पोरीने दुरुस्त केली.

त्यानंतर तुम्ही येईल त्या गाडीला ती तार बसवायला लागलात. 'पोरीनी तार', पोरीची तार, म्हणायचात. आग्रा रोडवरचे दुसरे मिस्त्रीही बसवू लागले. आणि कुठलंही काम झालं की हात पुसत मला हाक मारायचात, "पोरी, तू दखीले एकदा." मी बघायची. ज्या माणसाने रस्त्यावरून जाणाऱ्या बसचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखावा, त्याचे हात माझ्यासमोर परीक्षेला बसल्यासारखे थांबायचे, आणि मी ठीक आहे म्हटल्याशिवाय तुम्ही बॉनेट लावायचा नाहीत. लग्न होऊन मी जळगावात मेहरूणला गेले, शाळेत विज्ञान शिकवू लागले, तेव्हा तुम्ही मोठी कामं घेणंच सोडून दिलंत. आई म्हणाली, तुला विचारता येत नाही म्हणून.

दर अखाजीला मी ठरवून यायची की या वेळी सांगायचं. आधी वाटायचं, तुम्ही रागवाल म्हणून गप्प आहे. मग वाटायचं, आता सांगून तुम्हाला त्रास कशाला द्यायचा. दोन्ही खोटं होतं. मला तुमची फार आठवण येते, नाना, आणि आठवण येते ती नेमकी त्या हाकेची. हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. तुम्ही असतात तरी टपालात टाकलं नसतं, हे आता लिहितानाच कळलं. टाकलं असतं, तर पुढच्या गाडीला तुम्ही मला विचारलं नसतं.